बुरशी एकच, जगण्याच्या तऱ्हा दोन : औषधाची परीक्षा आणि आपले घर

“औषध घेतले तोवर बरे वाटले, पंधरा दिवसांत पुन्हा तेच.” ही तक्रार वस्तीतल्या बऱ्याच घरांत ऐकू येते. आजीच्या कवळीखाली टाळू लाल होऊन आग होते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर पुन्हा चढतो. सुनेच्या अंगावरून पांढरे जाणे थांबत नाही आणि लाजेपायी ती कोणाला सांगत नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून पायांच्या बोटांत चिखल्या होतात आणि भांडी-धुणे करणाऱ्या हातांची नखुरडी वर्षभर सुजलेली राहतात. मग कोणी म्हणते औषध नकली होते, कोणी म्हणते डॉक्टरला रोग कळला नाही, तर कोणी नशिबाला बोल लावते.

खरे कारण पुष्कळदा वेगळेच असते. ज्या बुरशीवर औषध प्रयोगशाळेत उत्तम चालते, तीच बुरशी थर करून बसली की तेच औषध तिच्यापुढे थकते. हे कसे घडते, प्रयोगशाळेत त्याची परीक्षा कशी करतात आणि आपण घरी व दवाखान्यात काय करायचे, हे या पाठात पाहू.

यीस्ट म्हणजे कोणती बुरशी?

बुरशी म्हटले की भाकरीवरचा हिरवट-काळा केसाळ डाग आठवतो. ती तंतूंची बुरशी. तिच्याच कुळातली दुसरी जात म्हणजे यीस्ट. यीस्ट म्हणजे एकेकटी, गोल किंवा लांबट पेशी. पाव फुगतो तो अशाच एका निरुपद्रवी यीस्टमुळे. माणसाला त्रास देणाऱ्या यीस्टमध्ये सर्वांत मोठे घराणे आहे कॅन्डिडा. तिची एक पेशी इतकी लहान की साधारण दोनशे पेशी एका रांगेत ठेवल्या तेव्हा एक मिलिमीटर भरतो.

कॅन्डिडा काही बाहेरून आलेला चोर नव्हे. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात ती थोड्या प्रमाणात राहतेच. शरीरातले उपयोगी जीवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती तिला मर्यादेत ठेवतात. ही मर्यादा तुटली की आजार होतो. मर्यादा तुटण्याची कारणे ठरलेली आहेत : वाढलेली रक्तशर्करा, एचआयव्ही, फार दिवस घेतलेली अँटिबायोटिक्स किंवा स्टिरॉइड, गरोदरपण, नवजात बाळाचे कोवळे वय, सतत ओल, आणि शरीरात किंवा शरीरावर बसवलेली प्लास्टिक-रबराची वस्तू. शेवटच्या कारणाकडे नीट लक्ष द्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

सुटी पेशी आणि जमलेला थर

यीस्ट दोन तऱ्हांनी जगते. पहिली तऱ्हा सुटी. लाळेत, लघवीत, रक्तात एकेक पेशी तरंगत असते. दुसरी तऱ्हा थराची. पिण्याच्या पाण्याचा माठ आठ-दहा दिवस घासला नाही तर आतून हात फिरवल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो, तो सूक्ष्मजीवांचा थरच असतो. मामा तलावाच्या पायरीवरच्या दगडावरून पाय घसरतो, तोही अशाच थरावरून. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. आपण त्याला नुसते थर म्हणू.

कॅन्डिडाचा थर टप्प्याटप्प्याने बनतो. आधी काही पेशी कवळीला, नळीला किंवा त्वचेच्या पृष्ठभागाला चिकटतात. काही तासांत त्या वाढतात, त्यातून लांब धागे फुटतात आणि धाग्यांची जाळी विणली जाते. मग पेशी आपल्याभोवती साखरेसारख्या पदार्थांचा व प्रथिनांचा चिकट लेप सोडतात. एक ते दोन दिवसांत थर पक्का होतो. त्यानंतर त्यातून काही पेशी सुटतात, तरंगत दुसरीकडे जातात आणि तिथे नवी वस्ती करतात. म्हणजे तोंडात किंवा रक्तात सापडणारी सुटी पेशी पुष्कळदा कुठल्यातरी थरातून निघालेली असते. सुट्या पेशी मारल्या पण थर शिल्लक राहिला, तर थोड्या दिवसांनी आजार परत उभा राहतो.

पहिली परीक्षा : सुट्या पेशींवर औषध

आता प्रयोगशाळेत जाऊ. डॉक्टर तोंडातून, योनिमार्गातून किंवा जखमेतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, किंवा रक्त-लघवी पाठवतात. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तो नमुना साबुरो नावाच्या खाद्यावर लावतात. फ्रान्सचे त्वचारोगतज्ज्ञ रेमंड साबुरो यांच्या नावाचे हे खाद्य साखर व प्रथिने घातलेले असते. एक-दोन दिवसांत त्यावर सायीसारखे पांढरट ठिपके उगवतात. मग ती कॅन्डिडाची कोणती जात आहे हे ओळखतात. रंग दाखवणारे एक खास खाद्य असते. त्यावर कॅन्डिडा अल्बिकन्स हिरवी, कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस निळी आणि कॅन्डिडा क्रुसेई गुलाबी दिसते. जात कळणे महत्त्वाचे आहे. क्रुसेई ही जात मुळातच फ्लुकोनाझोलला दाद देत नाही, तिच्यावर ते औषध देणे म्हणजे दिवस आणि पैसे वाया घालवणे.

जात कळली की औषधाची परीक्षा. तिची प्रमाण पद्धत अशी : प्लास्टिकचा एक ताट असतो, त्यात ८ ओळी आणि १२ रकाने मिळून ९६ लहान वाट्या असतात. एका ओळीतल्या पहिल्या वाटीत औषध सर्वांत जास्त, पुढच्या प्रत्येक वाटीत त्याच्या निम्मे. फ्लुकोनाझोलसाठी एका मिलिलिटरमागे ६४ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात, मग ३२, १६, ८ असे उतरत ०.१२५ पर्यंत जातात. (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) अशा दहा वाट्या झाल्या. अकराव्या वाटीत औषध नसते, फक्त यीस्ट असते, म्हणजे यीस्ट जिवंत आणि वाढणारी आहे याची खात्री पटते. बाराव्या वाटीत नुसते खाद्य असते, म्हणजे बाहेरची घाण शिरली नाही हे कळते.

यीस्ट टाकल्यावर ताट ३५ अंश सेल्सियसला २४ तास ठेवतात. जिथे यीस्ट वाढली ती वाटी गढूळ दिसते, जिथे अडली ती स्वच्छ. फ्लुकोनाझोलच्या बाबतीत औषध नसलेल्या वाटीपेक्षा वाढ निम्म्यावर आली की यीस्ट अडली असे धरतात. वाढ अडवणारे हे सर्वांत कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. कॅन्डिडा अल्बिकन्ससाठी फ्लुकोनाझोलची एमआयसी २ किंवा कमी असेल तर औषध चालेल, ४ असेल तर मात्रा वाढवून चालेल, ८ किंवा जास्त असेल तर चालणार नाही, असा अमेरिकेतल्या प्रमाण संस्थेचा नियम आहे. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळाही तोच पाळतात. रिपोर्टवर ते अनुक्रमे ‘एस’, ‘एसडीडी’ आणि ‘आर’ या अक्षरांनी लिहिलेले असते. काही ठिकाणी याऐवजी औषधाची गोल चकती खाद्यावर ठेवतात आणि तिच्याभोवती यीस्ट न उगवलेले वर्तुळ मोजतात. ती पद्धत स्वस्त आणि सोपी आहे.

या दोन्ही परीक्षा सुट्या पेशींच्या आहेत. वाटीत टाकलेल्या पेशी फार थोड्या, एका मिलिलिटरमागे ५०० ते २,५०० असतात आणि त्यांना थर बांधायला वेळच मिळालेला नसतो.

दुसरी परीक्षा : थरावर औषध

थराची परीक्षा त्याच ९६ वाट्यांच्या ताटात करतात, पण क्रम उलटा असतो. आधी वाट्यांत भरपूर यीस्ट टाकतात, एका मिलिलिटरमागे सुमारे १० लाख पेशी. मग औषधाशिवाय ३७ अंशाला २४ तास ठेवतात. तळाला थर जमतो. वाट्या हलक्या हाताने धुऊन काढतात, म्हणजे सुट्या पेशी निघून जातात आणि चिकटलेला थर तेवढा राहतो. आता कुठे औषध घालायचे, तेही उतरत्या मात्रेत, आणि आणखी २४ तास थांबायचे.

शेवटी थरातल्या पेशी जिवंत आहेत की मेल्या हे बघायचे असते. थर नुसत्या डोळ्यांनी तसाच दिसतो, म्हणून एक्सटीटी नावाचे फिकट पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा रंग नारिंगी करतात. जितका नारिंगी रंग गडद, तितक्या पेशी जिवंत. हा रंग यंत्राने मोजतात. औषध घातलेल्या वाटीतला रंग आणि औषध नसलेल्या वाटीतला रंग ताडून पाहिला की औषधाने थराचे किती बिघडवले ते कळते. एखादी यीस्ट थर बांधते की नाही, एवढेच पाहायचे असेल तर आणखी साधी रीत आहे. काचेच्या नळीत साखर घातलेल्या खाद्यात ती वाढवतात, नंतर नळी रिकामी करून लाल रंग घालतात. नळीच्या भिंतीला रंगीत थर दिसला तर ती थर बांधणारी.

निकाल काय येतो? १९९५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी शरीरात घालायच्या नळीच्या लहान चकत्यांवर कॅन्डिडा अल्बिकन्सचा थर वाढवला आणि त्यावर पाच औषधे तपासली. थराचे कामकाज निम्म्यावर आणायला लागलेले औषध नेहमीच्या एमआयसीपेक्षा ३० ते २,००० पट जास्त भरले. एवढी मात्रा माणसाला देताच येत नाही. त्यानंतर अनेक देशांत हेच पुन्हा दिसले. फ्लुकोनाझोल पक्क्या थरापुढे बहुधा दुबळे पडते. त्या मानाने कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन यांच्या गटातली औषधे आणि चरबीच्या कणांत गुंडाळलेले अ‍ॅम्फोटेरिसिन बी थरावर बरे काम करतात. पण ही औषधे शिरेतून, रुग्णालयातच द्यावी लागतात.

आपल्या रिपोर्टवर जो ‘एस’ असतो तो पहिल्या परीक्षेचा असतो. थराची परीक्षा मुख्यतः संशोधनासाठी होते. तिच्या निकालावरून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ ठरवायची सर्वमान्य मर्यादा अजून ठरलेली नाही. त्यामुळे रिपोर्ट खोटा नसतो आणि औषधही नकली नसते. रिपोर्ट एका प्रश्नाचे उत्तर देतो, आपल्या घरातला प्रश्न दुसरा असतो.

औषध थरात का थकते?

कारणे चार आहेत.

एक, चिकट लेप. लेपातले साखरेचे रेणू औषधाला वाटेतच धरून ठेवतात. फवारणी पानावर पडते, मुळाशी पोचत नाही, तसे होते.

दोन, पेशींची गती. फ्लुकोनाझोल, क्लोट्रिमॅझोल ही औषधे यीस्टच्या कवचाला लागणारा एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ बनू देत नाहीत. ती वाढणाऱ्या पेशीला अडवतात. थराच्या तळाशी पेशी सुस्त पडलेल्या असतात, त्यांना नवे कवच बांधायचेच नसते, मग औषध अडवणार काय?

तीन, उपसा. विहिरीवरच्या पंपासारखे लहान पंप पेशीच्या भिंतीत असतात. थर कोवळा असतानाच हे पंप जोरात चालू होतात आणि आत आलेले औषध बाहेर फेकतात.

चार, चिवट पेशी. थरात काही मोजक्या पेशी अशा असतात की औषधाचा मारा संपेपर्यंत निपचित राहतात आणि तो थांबला की पुन्हा वाढतात.

यावरून व्यवहारातला धडा सरळ निघतो. माठात कितीही औषध टाका, आतला बुळबुळीतपणा घासल्याशिवाय जात नाही. थर हाताने काढायचा, वस्तू बदलायची, ओल घालवायची आणि त्यासोबत औषध पूर्ण घ्यायचे. यातले एकच केले तर आजार परत येतो.

पिंपरी आणि लोणी

बुरशीवरच्या औषधाचा शोध फक्त परदेशात लागला असे समजू नका. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. गरिबाला पेनिसिलिन परवडावे हा तिचा मूळ हेतू. तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक औषध काढले. १९६१ च्या सुमारास ते जगापुढे आले. त्या जीवाला पिंपरीच्या नावावरून ‘पिंप्रिना’ म्हटले आणि औषधाला हॅमायसिन. तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या कॅन्डिडावर ते वापरले गेले. पिकांवरच्या बुरशीसाठीचे ऑरिओफंजिनही तिथलेच. हॅमायसिन, निस्टॅटिन आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी ही एकाच गटातली औषधे. ती यीस्टच्या कवचातल्या एर्गोस्टेरॉलला धरतात आणि कवचाला भोके पाडतात.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या लोणी येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आपल्या रुग्णांतल्या कॅन्डिडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना अल्बिकन्सपेक्षा इतर जाती मिळून जास्त आढळल्या आणि त्यात ट्रॉपिकॅलिस पुढे होती. या ट्रॉपिकॅलिसवर त्यांनी औषधांची परीक्षा केली आणि ती थर बांधते का हेही पाहिले. खेड्यातल्या रुग्णांसाठी चालणाऱ्या महाविद्यालयात हे काम झाले, ही गोष्ट आपल्या मुलामुलींना सांगण्यासारखी आहे. सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ या शिक्षणाच्या वाटा त्यांच्यासाठीही खुल्या आहेत.

रुग्णालयातला धोका

कवळीखालचा थर त्रास देतो, जीव घेत नाही. पण तोच थर मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर बसला आणि पेशी रक्तात उतरल्या तर जिवावर बेतते. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांनी एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात रक्तातल्या कॅन्डिडाचे १,४०० रुग्ण नोंदले. त्यात सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ४२ टक्के, ट्रॉपिकॅलिस होती. याच पाहणीत कॅन्डिडा ऑरिस ही नवी जातही सापडली. तिची ओळख २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यातून झाली. २०१३ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी भारतातले रुग्ण प्रसिद्ध केले. ही जात पलंगाच्या कठड्यावर, उपकरणांवर बरेच दिवस टिकते आणि फ्लुकोनाझोलला बहुधा दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची यादी काढली, त्यात सर्वांत वरच्या चार जणींत ऑरिस आणि अल्बिकन्स दोन्ही आहेत.

रक्तात कॅन्डिडा सापडली की डॉक्टर शिरेतली नळी शक्य तितक्या लवकर काढतात किंवा बदलतात. कारण आता तुम्हाला कळले आहे : नळीवरचा थर काढल्याशिवाय औषध पुरे पडत नाही. सिकलसेल, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग यांच्या रुग्णांना वारंवार भरती व्हावे लागते. त्यांच्या नातेवाइकांनी नळी कधी घातली, ती अजून लागते का, हे रोज नम्रपणे विचारावे. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

आपल्या घरात थर कुठे बसतो?

कवळी : रात्री कवळी काढून ठेवा. रोज मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासा, रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवा, सकाळी पुन्हा धुऊन लावा. टाळूवर औषध लावायचे आणि कवळी तशीच घालायची, याने काही साधत नाही. कवळी उकळत्या पाण्यात घालू नका, ती वाकडी होते.

बाळाची बाटली : शक्यतो बाटली नकोच. आईचे दूध पाजा, वरचे द्यायचे असेल तर वाटी-चमचा वापरा. बाटली वापरतच असाल तर बूच आणि निपल वेगळे करून घासा व उकळा. बाळाच्या जिभेवरचा दुधाचा थर पुसला की निघतो, यीस्टचा सहज निघत नाही. आईच्या स्तनाग्रांना आग किंवा भेगा असतील तर दोघांवर एकदम उपचार लागतो, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फेरी चालूच राहते.

लघवीची नळी : पक्षाघात किंवा प्रोस्टेटच्या आजारामुळे घरी नळी लावलेली आजी-आजोबा असतील तर नळी बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहा. पिशवी कमरेच्या खाली ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. लघवीच्या रिपोर्टमध्ये यीस्ट दिसली म्हणजे दरवेळी गोळी लागतेच असे नाही. काही वेळा नळी काढली किंवा बदलली की ती आपोआप जाते. हा निर्णय डॉक्टरांचा.

बोटे आणि नखे : रोवणीच्या काळात बांधीतून वर आले की पाय धुऊन बोटांच्या सांदी कोरड्या करा, घरी मोकळी चप्पल घाला. चिखल्यांत बुरशीसोबत जीवाणूही असतात, फार लाली, पू किंवा ताप असेल तर नुसत्या मलमावर राहू नका. नखुरड्यांचे मूळ कारण सतत ओले हात हे असते. भांड्यांच्या कामानंतर हात कोरडे करून नखांच्या कडेला व्हॅसलीन लावा. नखाची कड टोचून काढू नका.

दम्याचा पंप : स्टिरॉइडचा पंप ओढल्यावर दरवेळी चूळ भरा, नाहीतर तोंडात यीस्ट वाढते.

बायांचा त्रास : पांढऱ्या जाण्यासोबत खाज, आग आणि दह्याच्या कण्यांसारखा स्राव असेल तर कॅन्डिडाची शंका असते. पण पांढरे जाण्याची इतर कारणेही आहेत आणि त्यांची औषधे वेगळी आहेत. म्हणून अंदाजाने गोळी न घेता तपासणी करून घ्या. वर्षातून तीन-चार वेळा त्रास होत असेल तर स्रावाचा नमुना, रक्तशर्करा आणि एचआयव्ही या तिन्ही तपासण्या करा. यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही, हा त्रास कोणत्याही स्त्रीला होऊ शकतो. तांबी बसवलेली असेल तर तसे सांगा. तांबीवरही यीस्टचा थर बसू शकतो, पण ती स्वतःहून ओढून काढू नका. गरोदर असाल तर फ्लुकोनाझोलची गोळी मनाने घेऊ नका, डॉक्टर योनीत ठेवायचे औषध देतात. सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असते. एचआयव्हीची माहिती १०९७ या मोफत क्रमांकावर मिळते.

दुकानातून मलम घेण्याआधी

खाज आली की दुकानातून मलमाची नळी आणण्याची सवय आपल्याकडे फार आहे. अशा कित्येक नळ्यांत बुरशीचे औषध, जीवाणूंचे औषध आणि स्टिरॉइड असे तिन्ही मिसळलेले असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आतून पसरते. नळीवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन हे नाव वाचले तर थांबा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. दुकानदाराला चिठ्ठी मागू द्या, त्यात आपलेच हित आहे.

गोळ्यांचेही तेच. खाज थांबली की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या आणि पुढे जावेला किंवा शेजारणीला द्यायच्या, हे बंद करा. अपुरे औषध म्हणजे चिवट पेशींना मोकळे रान. शिवाय फ्लुकोनाझोल मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत घेतले तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. हा त्रास यीस्टचाच आहे, हे नमुना पाहून ठरवले का?
२. त्रास परत-परत येतो. नमुना वाढवून यीस्टची जात आणि औषधाची परीक्षा करता येईल का?
३. रिपोर्टमध्ये औषधापुढे कोणते अक्षर आले : ‘एस’, ‘एसडीडी’ की ‘आर’?
४. कवळी, नळी, तांबी यांपैकी काही कारण असेल तर ते कधी आणि कसे बदलायचे?
५. औषध नेमके किती दिवस घ्यायचे आणि पुन्हा कधी दाखवायचे?

नमुना दिल्यावर रिपोर्टला दोन-चार दिवस लागतात, कारण यीस्ट वाढायला तेवढा वेळ हवा असतो. बुरशीचे औषध किंवा अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर नमुना देताना सांगा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा लांबच्या तालुक्यांतून आलेल्यांनी एकाच फेरीत रक्तशर्कराही तपासून घ्यावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन तिथे जावे आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ही परीक्षा होते का ते विचारावे. पुढची गरज पडली तर नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. मागच्या वेळी कोणती जात होती आणि कोणते औषध चालले होते, हे त्यातूनच कळते.

लगेच दवाखान्यात जा : ताप-थंडी भरून आली आणि शरीरात कोणतीही नळी आहे, गिळताना छातीत दुखते, बाळ दूध ओढत नाही, मधुमेह्याच्या पायाची बोटे काळी पडत आहेत किंवा त्यांतून पू येतो आहे. यात घरगुती उपायांवर एक दिवसही घालवू नका.

ओल पावसाळ्यातच सर्वांत जास्त असते, आणि वर्षावासात विहारात आपले येणे-जाणेही वाढते. या महिन्यांत महिला मंडळाच्या एखाद्या बैठकीत हा पाठ वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत आणि ज्या सुना-मुली लाजेने बोलत नाहीत त्यांच्यापर्यंत तो पोचायला हवा. घरी गेल्यावर आधी आजीची कवळी कुठे ठेवली आहे ते पाहा आणि नळीची तारीख तपासा. मलमाच्या नळीवरचे नाव उजेडात धरून वाचा. एवढे आज रात्रीच करता येईल.